ब्लॅकमेलमध्ये टपाल कुठे आहे? इंग्रजी जोडशब्दाचं मूळ शोधताना

शाळेत समासाचा विग्रह करण्यात माझा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. राजवाडा म्हणजे राजाचा वाडा, महादेव म्हणजे महान असा देव. लिहिलं की गुण मिळाले. ती खोड इतकी मुरली की पुढे इंग्रजी शब्दांचीही मी तशीच फोड करायला लागलो. रेनकोट, पावसाचा कोट. बरोबर. टूथब्रश, दातांचा ब्रश. बरोबर. ब्लॅकमेल, काळं टपाल. धमकीची निनावी पत्रं येतात त्यावरून. हेही मला इतकं बरोबर वाटलं की एका लेखात मी ते ठोकून दिलं. महिन्याभराने एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती: मेल म्हणजे टपाल हा अर्थ केव्हापासूनचा, तेवढं एकदा पाहावं.

पाहिलं आणि ओशाळलो.

त्या पोस्टकार्डानंतर इंग्रजी जोडशब्दाचं मूळ शोधायची जी सवय लागली, ती इथे पायरीपायरीने सांगतो. मुख्य उदाहरण ब्लॅकमेलचंच घेतो, कारण मला फसवलं ते त्यानेच. मध्ये मध्ये इतर शब्द डोकावतील. भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. एक वही, इंटरनेट आणि स्वतःच्या पहिल्या अंदाजाबद्दल थोडा संशय, एवढं भांडवल पुरतं.

सुरुवातीलाच एक गाठ मारून ठेवा: विग्रह वेगळा, व्युत्पत्ती वेगळी. विग्रह आज दिसणाऱ्या तुकड्यांचा करतात. व्युत्पत्ती शब्द घडला त्या वेळच्या तुकड्यांची असते. मराठीत हा फरक रोज आपल्या तोंडात असतो. कुंभार हा शब्द आज कुणी फोडत नाही, पण तो एकेकाळी कुंभकार होता. माहेर हे मातृगृह, देऊळ हे देवकुल. उलट बाजूचं उदाहरण पावाचं. पायाने तुडवून पीठ मळतात म्हणून पाव, अशी समजूत मी लहानपणी ऐकली आहे आणि त्यापायी पावाला न शिवणारी माणसंही पाहिली आहेत. तो शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ साधा ब्रेड असा आहे. पाय आपण मागाहून जोडले.

पहिली पायरी: शब्द निवडा

कुठलाही जोडशब्द घेऊन बसू नका. रेनकोटमध्ये दोन्ही तुकडे कळतात आणि त्यांच्या बेरजेतून अर्थही निघतो. तिथे खणायला फारसं काही नाही. खणायची जागा दोन खुणांवरून ओळखावी. एक, तुकडे कळतात पण अर्थ जुळत नाही. डेडलाइनमध्ये कोण मेलं? दोन, एक तुकडा कळतो आणि दुसरा उपरा वाटतो. कॉकरोचमधलं रोच म्हणजे काय?

समासाचा प्रकारही जाता जाता ओळखून ठेवा. इथे आपली शाळा कामी येते, कारण बहुव्रीहि, तत्पुरुष, द्वंद्व हे शब्द इंग्रजीतल्या भाषाशास्त्राच्या पुस्तकांत जसेच्या तसे वापरतात. संस्कृत वैयाकरणांकडून पाश्चात्त्यांनी ते उचलले. रेडहेड म्हणजे लाल केसांची व्यक्ती. डोक्याबद्दल बोलून माणूस दाखवला, म्हणजे बहुव्रीहि. पिकपॉकेट आणि आपला खिसेकापू शेजारी ठेवून बघा, मजा येईल: दोघांनीही चोराला नाव त्याच्या कामावरूनच दिलं, फक्त इंग्रजाने क्रिया आधी ठेवली आणि आपण खिसा आधी ठेवला.

दुसरी पायरी: अंदाज लिहून ठेवा

कोश उघडण्याआधी वहीत आपला अंदाज लिहायचा. हे किरकोळ वाटतं, पण करा. उत्तर वाचल्यावर माणसाला वाटतं, हे तर मला माहीतच होतं. वहीतलं काळं टपाल मग खोटं बोलू देत नाही.

तिसरी पायरी: जन्मसाल काढा

सगळ्यात जास्त फळ देणारी पायरी हीच. शब्द लिहिलेला पहिल्यांदा कधी सापडतो? नवख्याने सुरुवात डग्लस हार्पर यांच्या ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरीपासून करावी. ती फुकट आहे आणि बहुतेक शब्दांपुढे साल किंवा दशक दिलेलं असतं. त्याहून खोल जायचं तर ऑक्सफर्डचा थोरला कोश. १८५७ साली त्याची कल्पना निघाली, पहिला भाग १८८४ मध्ये छापला गेला आणि काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं. इतका वेळ लागला कारण प्रत्येक शब्दाच्या प्रत्येक अर्थासाठी जुन्या ग्रंथांतली वाक्यं तारीखवार लावायची होती, आणि ती वाक्यं हजारो हौशी वाचकांनी चिठ्ठ्यांवर उतरवून धाडली होती. आज तो पैसे भरून पाहावा लागतो. मोठ्या वाचनालयात किंवा विद्यापीठात मात्र मिळू शकतो.

आता ब्लॅकमेल बघू. हा शब्द १५५०च्या दशकापासून लिहिलेला सापडतो. मेल म्हणजे टपाल हा अर्थ? मेल म्हणजे आधी थैली. जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द. पत्रांची थैली आणि मग थैलीतली पत्रं, हा प्रवास १६५०च्या सुमाराचा. म्हणजे पोरगा बापाआधी शंभर वर्षं जन्मला. माझी फोड तिथेच निकालात निघाली. त्यासाठी ना लॅटिन लागलं ना ग्रीक, दोन सालं शेजारी लिहिली एवढंच.

एक सावधगिरी. कोशातलं साल हे कागदावरचं असतं. बोलण्यात शब्द त्याआधीही असणार, कदाचित बराच आधी. म्हणून पाचदहा वर्षांच्या फरकावर वाद घालू नये. शंभर वर्षांच्या फरकावर घालावा.

चौथी पायरी: शब्दाचं गाव विचारा

इंग्रजी ही एकसंध भाषा आहे असं समजून आपण चालतो. ती तशी नाही, जशी मराठी नाही. मालवणात घडलेल्या शब्दाचा अर्थ पुण्यात बसून लावला तर चुकतो. ब्लॅकमेल घडला तो स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या सीमेवर. तेव्हा तपास लंडनच्या इंग्रजीत करून भागत नाही, स्कॉट्स भाषेचा कोश उघडावा लागतो. त्याचाही मोठा कोश इंटरनेटवर फुकट आहे.

त्या भाषेत मेल म्हणजे भाडं, खंड. शब्द जुन्या नॉर्सचा, म्हणजे व्हायकिंगांच्या बोलीतला. तिथे त्याचा अर्थ बोलणं, बोली, करार. बोलणी झाली, करार ठरला, कराराप्रमाणे द्यायची रक्कम ती मेल. भाड्याने कसायला घेतलेल्या शेताला मेलिंग म्हणत. इंग्रजीत तीन मेल आहेत हे इथे कळतं: टपालाची थैली, चिलखतातल्या कड्यांची जाळी आणि हा खंड. तिघांचं स्पेलिंग आज सारखं झालं म्हणून ते भाऊ ठरत नाहीत. चिलखतवाला मेल लॅटिनमधल्या जाळीच्या भोकावरून आला आहे.

आता चित्र उभं राहतं. सोळाव्या शतकात त्या सीमेवर रीव्हर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोळ्या गुरं पळवत, घरं जाळत. सीमेच्या दोन्ही बाजूंना हेच चालू होतं. शेतकरी जमीनदाराला एक मेल देई. दुसरा मेल टोळीच्या नायकाला द्यावा लागे, म्हणजे त्याची माणसं आपल्या वाटेला जाणार नाहीत आणि दुसऱ्यांनाही येऊ देणार नाहीत. हा दुसरा खंड म्हणजे काळा मेल. प्रकार इतका बोकाळला की एलिझाबेथ राणीच्या राज्यात १६०१ साली कंबरलंड, नॉर्थंबरलंड, वेस्टमोरलंड आणि डरहॅम या भागासाठी खास कायदा झाला. त्यात हा शब्द नाव घेऊन आला आहे, आणि घेणारा व देणारा दोघेही गुन्हेगार ठरवले आहेत. देणारा शेतकरी बिचारा दोन्हीकडून भरडला गेला.

गुपित फोडण्याची धमकी देऊन पैसे उकळणं हा आजचा अर्थ एकोणिसाव्या शतकात रुळला. मध्ये टोळ्या गेल्या, गुरं गेली, सीमाही निवली. उरली फक्त धमकी आणि पैसा. इंग्लंडच्या १९६८च्या चोरीविषयक कायद्यात तर ब्लॅकमेल हे गुन्ह्याचं अधिकृत नाव आहे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आठवली ती आपली खंडणी. कूळ जमिनीसाठी मालकाला देतं तो खंड, आणि वर्तमानपत्रात रोज येते ती खंडणी. एक ठरवून दिलेलं भाडं, दुसरी दरडावून ठरवलेली रक्कम. शब्द एकाच घरातले. स्कॉटलंडच्या शेतकऱ्याने मेलपुढे काळा लावला, आपण खंडापुढे णी लावली. दोन भाषांची गाठ कधी पडली नव्हती, पण ओरबाडणाऱ्याला भाडेकराराची भाषा सोयीची पडते हे दोन्हीकडे सारखंच. अशा समांतर जोड्या वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवा. पुरावा म्हणून त्यांचा उपयोग नाही. समजायला मात्र फार होतो.

राहिला पहिला तुकडा. काळा का? वाईट, पापाचा म्हणून, असं बहुतेक कोश म्हणतात. काही जण सांगतात की चांदीच्या नाण्यात भरलेल्या भाड्याला पांढरं म्हणत, म्हणून धान्य-गुरांच्या रूपात दिलेलं ते काळं. मला पहिलं अधिक पटतं, पण वहीत मी दोन्ही लिहिली आहेत आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवलं आहे. प्रश्नचिन्हाची लाज वाटून घेऊ नका.

पाचवी पायरी: झीज ओळखा

काही जोडशब्द इतके झिजतात की सांधाच दिसेनासा होतो. इंग्रजीत जोर बहुधा पहिल्या तुकड्यावर पडतो आणि दुसरा तुकडा पायरीच्या दगडासारखा घासत जातो. कप ठेवायची फळी म्हणजे कपबोर्ड, पण म्हणताना कबर्ड. स्पेलिंगने जुना सांधा जपला, जिभेने सोडून दिला. बोटस्वेन, म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम, हा शब्द तर बोलताना बोसन झाला. कोकणातल्या आणि गोव्यातल्या ज्यांच्या घरात जहाजावरचे लोक आहेत त्यांना बोसन सांगायला नको. स्वेन म्हणजे गडी, नोकर. तोही नॉर्स भाषेतला.

कपबोर्डचं निदान स्पेलिंग तरी वाचलं. लॉर्डचं तेही वाचलं नाही. जुन्या इंग्रजीत तो हलाफवेअर्ड होता: हलाफ म्हणजे भाकर, आजचा लोफ, वेअर्ड म्हणजे राखणदार. भाकरीचा राखणदार तो लॉर्ड. लेडीच्या पहिल्या अर्ध्या भागात तीच भाकर आहे आणि दुसरा भाग मळणारीचा. ज्याच्या हातात धान्याची किल्ली तो मालक आणि पीठ मळते ती मालकीण, असा सरळ हिशोब. डेझी या फुलाचं नाव दिवसाचा डोळा असं होतं, कारण ते सकाळी उघडतं आणि संध्याकाळी मिटतं. कुंभार आणि देऊळ बोलणाऱ्याला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही.

यातला माझा लाडका शब्द विंडो. तो जुन्या नॉर्समधला विंदआउगा, म्हणजे वाऱ्याचा डोळा. त्याआधी इंग्लंडमध्ये खिडकीला डोळ्याचं भोक अशा अर्थाचा शब्द होता. त्यातलं भोक, थर्ल, आज एकाच जागी जिवंत राहिलं आहे: नॉस्ट्रिल, नाकाचं भोक. आता संस्कृतकडे पाहा. गवाक्ष म्हणजे गाईचा किंवा बैलाचा डोळा. वातायन म्हणजे वाऱ्याची वाट. डोळा आणि वारा या दोन कल्पनांनी खिडकीला नाव द्यायचं हे उत्तर युरोपातल्या लोकांनाही सुचलं आणि इथल्यांनाही. त्यावर कडी म्हणजे विंड आणि वात, आय आणि अक्षि हे शब्द खरोखरच नात्यातले आहेत. इंडो-युरोपीय कुळाच्या एकाच मूळ भाषेतून दोन्हीकडे गेलेले.

इथे थांबून एक सूचना. असं नातं दिसलं की मोबाइलवर फिरणारे निरोप लगेच जाहीर करतात, इंग्रजी संस्कृतातून निघाली. चुलत भावाला मुलगा म्हणू नये. वर्ल्ड हा शब्दही झिजलेला जोडशब्द आहे: वेर म्हणजे पुरुष आणि ऑल्ड म्हणजे वय, काळ; माणसाचा काळ ते जग. त्यातला वेर आपल्या वीराचा भाऊबंद आहे, वेअरवुल्फमध्येही तोच दडलाय. पण वीरापासून वेर झाला नाही. दोघांचा आजा एक.

सहावी पायरी: बहिणींकडे चौकशी

जर्मन आणि डच या इंग्रजीच्या सख्ख्या बहिणी. संशय आला की त्यांच्या घरी जाऊन विचारावं. ब्राइडग्रूम म्हणजे नवरदेव, आणि ग्रूम म्हणजे तर घोड्याचा मोतद्दार. नवऱ्याला नवरीचा मोतद्दार म्हणायचं? विनोद चांगला आहे. पण जर्मनमध्ये नवरदेवाला ब्रॉयटिगाम म्हणतात आणि डचमध्ये ब्राउडखोम अशासारखं काहीतरी. दोन्हीकडे त्या जागी र नाही. जुन्या इंग्रजीत शब्द होता ब्रीदगुमा. गुमा म्हणजे माणूस. पुढे गुमा हा शब्द बोलण्यातून मेला, लोकांना तो तुकडा कळेना, मग त्यांनी कळणारा ग्रूम आणून बसवला. मधला र हा पाहुणा. विक्शनरी या इंटरनेटवरच्या फुकट कोशात एकेका शब्दाखाली बहीणभाषांतली रूपं दिलेली असतात. या पायरीसाठी तेवढं पुरतं.

सातवी पायरी: सोंग घेतलेले शब्द

ब्राइडग्रूममध्ये जे झालं त्याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. न कळणाऱ्या आवाजाला लोक ओळखीचा मुखवटा चढवतात. कधीकधी तर अख्खा शब्दच सोंग असतो: दिसतो जोडशब्द, आणि मुळात जोड नसतेच. स्पॅनिश कुकराचाचं इंग्रजांनी कॉकरोच केलं. कोंबडा आणि रोच नावाचा मासा दोघांनाही झुरळाशी काही देणंघेणं नव्हतं. हॅम्बर्गरमध्ये हॅम नाही, हॅम्बर्ग शहर आहे. पण लोकांनी तो हॅम आणि बर्गर असा तोडला, आणि त्या चुकीच्या तोडीतून बर्गर हा नवा शब्द जन्मला, तो आता आपल्या नाक्यावर मिळतो.

या पायरीवर मराठी माणसाला जन्मजात सवलत आहे. यातले बरेच सोंगाडे आपल्याच गावचे.

टीपॉय घ्या. मराठी घरांत दिवाणखान्यात टीपॉय असतो, त्यावर चहा येतो, म्हणून टी. पॉयचं काय? तो आपला पायच. तीन पायांची ती तिपाई, आणि मराठीत तिवई. इंग्रजांनी इथे ऐकलं, ती या आवाजात त्यांना टी दिसला, आणि स्पेलिंग चहाचं झालं. मग त्या स्पेलिंगच्या जोरावर विलायतेत खरोखरच चहापत्तीचे डबे ठेवायचे टीपॉय बनू लागले. तेच नाव फिरून आपल्याकडे आलं, चार पायांचं झालं, आणि कोपऱ्यातल्या तिवईला मागे टाकून पुढच्या खोलीत बसलं. तिवई आणि टीपॉय एकाच घरात असतात तेव्हा त्या दोघी जुळ्या बहिणी आहेत हे घरातल्या कुणालाच माहीत नसतं.

गोडाउन हा दुसरा. माल खाली नेऊन ठेवतात म्हणून गो आणि डाउन, अशी फोड मी भिवंडीच्या रस्त्यावर एका ट्रकवाल्याच्या तोंडून ऐकली आणि क्षणभर मलाही पटली. मलय भाषेत गुदांग म्हणजे वखार, आणि तमिळ-तेलुगूतही जवळचे शब्द आहेत. कुणी कुणाकडून घेतला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पोर्तुगीजांच्या तोंडून तो बंदरोबंदरी फिरला. आपलं गोदाम त्याच गोतावळ्यातलं. इंग्रजांनी त्याला दोन इंग्रजी शब्दांचा वेश दिला, एवढंच.

मंगूसबद्दल सांगायला तर छाती फुगते, कारण बहुतेक कोश मूळ म्हणून मराठीकडे बोट दाखवतात: आपलं मुंगूस. स्पेलिंगच्या शेवटी मात्र गूस, म्हणजे हंस येऊन बसला आहे. परिणामी अनेकवचन करताना इंग्रजी मुलंही अडखळतात. गूसचं गीझ होतं मग मंगूसचं काय? होत नाही, कारण तिथे हंस नव्हताच. आणि जॅकफ्रूट! फ्रूट खरं, जॅक सोंग. मल्याळममध्ये फणस म्हणजे चक्क. पोर्तुगीजांनी त्याचं जाका केलं. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला, त्यात हे नाव आहे. इंग्रजांच्या कानाला तो शेजारचा जॅक वाटला. हॉब्सन-जॉब्सन हा १८८६चा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश अशा शब्दांची खाण आहे. त्याचं नावच एक सोंग आहे: मोहरमच्या मिरवणुकीतला या हसन, या हुसेन हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांनी असा ऐकला.

खुद्द कंपाउंड हा शब्दही यातून सुटला नाही. जोडशब्दाला इंग्रजीत कंपाउंड म्हणतात. ते लॅटिन, एकत्र ठेवणं या अर्थाचं. दवाखान्यात औषधं एकत्र घोटणारा कंपाउंडरही त्यातलाच. पण सोसायटीचं कंपाउंड, ज्याच्या भिंतीवर जाहिराती रंगवू नयेत असं लिहिलेलं असतं, ते बहुतेकांच्या मते मलय काम्पुंग, म्हणजे वस्ती, वाडी. लॅटिनचा सदरा घालून ते आत शिरलं आणि कुणी ओळखलं नाही.

आठवी पायरी: गोष्टींची झडती

शब्दामागची गोष्ट जितकी रंगतदार, तितकी तिची झडती कडक घ्यायची. एखाद्या राजाने हुकूम काढला आणि शब्द पडला, किंवा चार आद्याक्षरं जुळून जुना शब्द झाला, असं ऐकलं की खिसा सांभाळा. आद्याक्षरांचे शब्द करायची चाल प्रामुख्याने विसाव्या शतकातली आहे.

हँडिकॅपची गोष्ट अशीच सांगतात: लढाईत जायबंदी झालेल्या सैनिकांना राजाने टोपी हातात घेऊन भीक मागायला परवानगी दिली. आधी सालांचा क्रम लावा. अपंगत्व हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाआधी नाही. शब्द मात्र सतराव्या शतकातला, आणि तेव्हा तो एका खेळाचं नाव होता. दोघे आपापल्या वस्तूंची अदलाबदल करत. एकाची वस्तू कमी मोलाची असेल तर वर किती पैसे द्यायचे ते तिसरा पंच ठरवी. दोघेही टोपीत हात घालत आणि तो बाहेर कसा काढतात त्यावरून सौदा मान्य की अमान्य ते कळे. टोपीत हात, हँड इन कॅप. पुढे हा शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला: वेगवान घोड्यावर जादा वजन, म्हणजे चुरस बरोबरीची. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आजही हँडिकॅपच्या शर्यती लागतात आणि तिथे तो जोरदार घोड्यावरचा भार असतो. सुरुवातीला जो बलवानाच्या पाठीवर ठेवत होते तो शब्द शेवटी दुबळ्याच्या कपाळी आला. ही खरी कहाणी राजाच्या हुकमापेक्षा कितीतरी चटका लावणारी आहे.

डेडलाइनचा मामला नाजूक आहे, कारण तिची गोष्ट खरी घडलेली आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जिया राज्यातल्या अँडरसनव्हिलच्या तुरुंगछावणीत कुंपणाच्या आत सुमारे १९ फुटांवर एक रेघ होती. कैद्याने ती ओलांडली की पहारेकरी गोळी घाली. तिला डेडलाइन म्हणत. छावणीचा अधिकारी हेन्री विर्झ याला नोव्हेंबर १८६५ मध्ये फाशी झाली. सगळं खरं. तरीही वर्तमानपत्रांतली डेडलाइन, मजकूर देण्याची शेवटची वेळ, ही १९१०-२०च्या सुमाराची आहे. मध्ये जवळपास अर्धं शतक जातं. त्या काळात छपाईयंत्राच्या सपाटीवरच्या एका रेघेलाही डेडलाइन म्हणत. तिच्यापलीकडे लावलेला मजकूर नीट उठत नसे. बातमीदारांनी शब्द तुरुंगातून उचलला की छापखान्यातून? छापखाना शेजारच्याच खोलीत होता, हे माझ्या मनात येतं. पण मनात येणं म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून वहीत इथेही प्रश्नचिन्ह.

शेवटी वहीतली नोंद

प्रत्येक शब्दाला अर्धं पान पुरतं. माझ्या वहीत ब्लॅकमेलची नोंद अशी आहे: अंदाज, काळं टपाल, चूक. सर्वात जुनी नोंद १५५०चं दशक, स्कॉटलंडची सीमा. तुकडे: काळा, आणि स्कॉट्स मेल म्हणजे खंड, मूळ नॉर्स, करार. टपालाचा मेल शंभर वर्षांनी धाकटा. १६०१चा कायदा. गुपिताची धमकी हा अर्थ एकोणिसाव्या शतकातला. काळा का, प्रश्नचिन्ह. मागच्या पानावर: खंडणी पाहा. आणि पानाला टाचणीने लावलेलं ते पोस्टकार्ड.

तुमचा पहिला शब्द म्हणून नाइटमेअर घ्या. नाइट म्हणजे रात्र, यात फसगत नाही. मेअर म्हणजे घोडी असं मनात येईल; ते वहीत लिहा, आणि मग जुन्या इंग्रजीत रात्री छातीवर बसणारं ते कोण होतं, ते शोधायला निघा.